शेवटचा दीड हात : राजापूर तालुक्यातल्या एका वळचणीची दुरुस्ती

तक्रार भिंतीची होती. मागच्या भिंतीला ओल धरते, पोपडे सुटतात, माजघरातल्या गाद्यांना वास येतो आणि आता सुतार म्हणतो की वासेही गेले. तेव्हा छप्पर काढून स्लॅब टाकावा की कौलांवरून पत्र्याची शेड मारावी, एवढं सांगा. तीन भावांच्या सामाईक घराचा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो या शब्दांत. दुरुस्ती हा पर्याय त्यात नव्हताच.

घर राजापूर तालुक्यातलं, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावरच्या एका वाडीतलं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड फूट जाड, मातीत बांधलेल्या. छप्पर दोनपाखी, म्हणजे पुढे आणि मागे उतरणारं. भिंतीबाहेर आलेली त्याची खालची कड म्हणजे वळचण. आढ्यापासून खाली उतरणारे वासे ऐनाचे आणि किंजळीचे, त्यांवरच्या आडव्या रिपा काही पोफळीच्या, काही नंतर बदललेल्या, वर मंगलोरी कौलं. थोरले भाऊ निवृत्तीनंतर वहिनींसह इथेच राहतात, मधले ठाण्याला, धाकटे पुण्याला. गणपतीत सगळे जमतात आणि नेमकी तेव्हाच भिंतीची अवस्था सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. बाकीचे महिने ती एकट्या वहिनींच्या वाट्याला.

कौलांबद्दल आधीच सांगतो, कारण पुढचा बराच हिशेब त्यांच्यावर आहे. बासेल मिशनच्या मंडळींनी मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत तिथे कारखान्यांची रांगच उभी राहिली. ती कौलं गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरत. या घरावरची कौलं त्याच जातीची, पोटाला कारखान्याचे ठसे असलेली, नीट भाजलेली. दोन कौलं एकमेकांवर वाजवली की आजही खणखणीत आवाज देतात. तेव्हा छप्पर जुनं झालं, कौलं निकामी झाली, या समजुतीला पहिल्याच दिवशी आधार सापडला नाही.

आधी काय काय करून झालं होतं

जुन्या घराच्या दुरुस्तीत मी माप घेण्याआधी घरातल्या बाईमाणसांना विचारतो की काय काय करून झालंय. पुरुष खर्च सांगतात, बायका क्रम सांगतात. वहिनींनी सांगितलेला क्रम असा. मागच्या बाजूला वाशांची टोकं उघडी होती, तिथे चिमण्या घरटी करायच्या आणि कचरा पडायचा, म्हणून टोकांवर सलग आडवी फळी ठोकून घेतली. मग त्या फळीवर पीव्हीसीची पन्हळ बसवली, कारण पागोळ्यांनी मागचं अंगण उकरलं जायचं. त्यानंतर अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, त्यात मागच्या पाख्यावरची खालची ओळ जवळजवळ सगळी उडाली. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून मिळाली तशी कौलं आणून बसवली आणि पुन्हा भानगड नको म्हणून कौलांखाली, रिपांवर, प्लास्टिकचा जाड कागद अंथरला. "त्या साली घरात एक थेंब पडला नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि भिंत त्या साली जास्त भिजली."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. वरून थेंब पडत नाही आणि भिंत जास्त भिजते, म्हणजे पाणी थांबलेलं नाही. त्यानं वाट बदलली आहे.

तपासणी

पहिली तपासणी दाभणानं. पोतं शिवायचं साधं दाभण वाशात दाबून पाहायचं. शाबूत ऐनात ते जेमतेम टोकापुरतं शिरतं. कुजलेल्यात बोटभर जातं आणि काढताना ओलसर भुसा घेऊन येतं. मागच्या पाख्याला एकवीस वासे. भिंतीच्या आतल्या भागात एकाही वाशात दाभण शिरलं नाही. भिंतीच्या माथ्यावरची आडवी तुळईसुद्धा दोन जागा सोडल्या तर ठणठणीत. गेलेलं होतं ते फक्त बाहेरचं टोक, फळीपासून आत दीड हात. सहा वाशांचं हे टोक पूर्ण कुजलेलं, चारांची फक्त शेंडी गेलेली. सुतार मेस्त्रींनी हातोडीच्या दांड्यानं एक वासा वाजवला आणि म्हणाले, "वरसून बघा तर चांगला दिसतो, पन आतून पोकल." ते खरंच होतं, पण त्या पोकळ दीड हातावरून अख्खं छप्पर गेल्याचा निष्कर्ष काढला गेला होता.

आता तुलना. पुढच्या बाजूचे वासे त्याच वयाचे, त्याच लाकडाचे, टोकं उघडी, ना फळी ना पन्हळ, आणि सगळे शाबूत. मधल्या भावांनी लगेच हरकत घेतली की पुढची बाजू पूर्वेची, तिथे झड लागतच नाही. हरकत रास्त होती. पण अंगणापलीकडे गोठा आहे, त्याचं तोंड पश्चिमेलाच, झड तीच, लाकूड उलट हलकं, आंब्या-फणसाचं. त्याची वळचण उघडी आहे आणि वाशांची टोकं काळवंडलेली असली तरी घट्ट आहेत. म्हणजे पश्चिमेचा पाऊस एकटा गुन्हेगार नव्हता. लाकूड भिजल्यानं कुजत नाही, भिजून वाळायला न मिळाल्यानं कुजतं. उघडं टोक पावसाची उघडीप मिळाली की दोन दिवसांत वाऱ्यावर सुकतं. फळीमागं दाबलेलं टोक जूनमध्ये भिजतं ते दिवाळीपर्यंत तसंच राहतं. त्यात लाकूड सगळ्यांत जास्त पाणी पितं ते कापलेल्या तोंडातून, आणि फळी नेमकी त्याच तोंडाला चिकटवलेली.

दुसरी तपासणी पाण्याची. एप्रिल महिना, विहिरीनं तळ दाखवलेला, त्यामुळे नळी सोडून बसणं परवडणारं नव्हतं. तीन वाशांच्या रुंदीचा पट्टा निवडला आणि खालून वर गेलो. ही गोष्ट महत्त्वाची आहे. वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडूनच वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आधी फक्त सर्वांत खालच्या ओळीवर पाणी, थोडं थांबायचं, मग तिच्या वरची ओळ, असं चढत जायचं.

खालच्या ओळीवर पाणी सोडताच पहिला दोष दिसला. शेवटच्या ओळीची कौलं मान टाकून बसली होती. मंगलोरी कौलांत प्रत्येक वरचं कौल खालच्या कौलावर टेकतं, त्यामुळे त्याचं टोक एका कौलाच्या जाडीइतकं उचललेलं राहतं. सगळ्यांत खालच्या कौलाला टेकायला खाली कौलच नसतं. म्हणून जुने सुतार शेवटची रीप जाड घालायचे, किंवा रिपेवर रीप ठोकायचे, म्हणजे ते कौलही बाकीच्यांच्या उतारात बसतं. इथे फळी ठोकताना ती जाड रीप काढून टाकली होती आणि फळीचा माथा नेहमीच्या रिपांच्या पातळीत ठेवला होता. कौल पुढे झुकलं, त्याच्या आणि वरच्या कौलाच्या सांध्यात बोटभर फट पडली. वाऱ्याचा पाऊस त्या फटीत शिरतो आणि वादळाचा वारा तिथूनच पकडतो. भिंतीवर आपटलेला वारा वर वळून वळचणीला खालून उचलतो, तर छपरावरून जाणारा वारा वरून ओढतो. तौक्तेत हीच ओळ का उडाली, त्याचं उत्तर यात आहे. वाडीतल्या इतर घरांचीही आधी वळचणच गेली होती, पण इथली जवळजवळ सलग गेली.

तिसऱ्या-चौथ्या ओळीवर पोचलो तेव्हा दुसरा दोष उघडा पडला. घरात थेंब नाही, पण फळीच्या मागून, वाशाच्या टोकाशी, पाणी झिरपायला लागलं आणि नळी बंद केल्यावरही झिरपतच राहिलं. दोन कौलं सरकवून पाहिलं. कौलांच्या कडेच्या खाचा, ज्यांत शेजारचं कौल अडकतं, त्या धुळीनं आणि शेवाळानं भरलेल्या. खाच भरली की पाणी कडेवरून उलटून खाली जातं. आधी ते घरात ठिबकलं असतं. आता ते प्लास्टिकवर पडत होतं, दोन वाशांमधल्या झोळीतून घसरत वळचणीपर्यंत येत होतं, आणि तिथे? उंदीर-पाखरं आत शिरू नयेत म्हणून प्लास्टिकची कड वर दुमडून फळीच्या आतल्या बाजूला खिळ्यांनी ठोकलेली. म्हणजे मागच्या पाख्याभर एक लांबलचक खिसा तयार झालेला. त्यात पाणी, आंब्याची कुजलेली पानं आणि वटवाघळांची लेंडं. वासे या खिशात टोकं बुडवून बसले होते. खिसा भरला की पाणी खिळ्यांच्या भोकांतून तुळईवर आणि तिथून भिंतीच्या माथ्यात. आढ्याचं पाणी वळचणीला जाणारच, पण इथे ते वळचणीला पोचून अडवलं जात होतं.

पन्हळीचा हिशेब त्यामानानं सोपा. मागच्या पाख्याचं आडवं क्षेत्र सुमारे ४५ चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर या वेगाचा पाऊस कोकणात रोज पडत नाही, पण सरीत तो वेग गाठला जातो. त्या वेगानं या पाख्यावरून मिनिटाला ७५ लिटर पाणी उतरतं. चाळीस फूट लांबीच्या पन्हळीला एकाच टोकाला ७५ मिलिमीटरचा पाइप, त्यातही लगेच कोपर. डोक्यावर हापूसचं जुनं झाड. आंब्याचं पान चिवट असतं, भिजलं तरी लवकर मऊ पडत नाही, आडवं होऊन तोंडावर बसतं. पन्हळ मधोमध खचलेली असल्यामुळे तिथे वर्षभर शेवाळाचं तळं. तुंबली की ती पुढच्या कडेवरून सांडत नव्हती, कारण पुढची कड मागच्या कडेपेक्षा उंच बसवली होती. सांडत होती ती फळीकडे.

आता राहिली भिंतीची खालची ओल. ही वरच्या पाण्यानं होत नव्हती, आणि हे घरच्यांना पटवायला सर्वांत वेळ लागला. ओलीचे डाग दोन होते, एक माथ्याकडून उतरलेला, एक जोत्याकडून चढलेला, आणि मध्ये दोन हात भिंत कोरडी. पेव्हर बसवताना खाली भर घातल्यानं अंगण चार इंच उचललं गेलं होतं आणि उतार घराकडे झाला होता. तुंबलेल्या पन्हळीतून सांडणारं पाणी ब्लॉकवर पडून उडत होतं आणि उरलेलं जोत्याशी साचत होतं. मातीच्या अंगणात थेंब पडला तर मुरतो, गुळगुळीत सिमेंटवर पडला तर उसळतो. त्यावर उपाय म्हणून आतून तीन फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा मारलेला. त्यानं ओल थांबली नाही, गिलाव्याच्या वरच्या काठापर्यंत चढली.

आणखी एक गोष्ट सापडली, तिची कोणाला आठवणही नव्हती. वाशांच्या पोटाला, भिंतीपासून हातभर बाहेर, ओळीनं लाकडी खुंट्या. काही मोडलेल्या, काही फळीमागं दडलेल्या. थोरल्या भावांनी बोट लावून पाहिल्या आणि मग त्यांना आठवलं, लहानपणी मृगाच्या आधी इथे माडाच्या झावळ्यांचे झाप टांगायचे. पश्चिमेची झड झापावर अडायची, भिंत कोरडी राहायची, आणि गणपतीनंतर झाप उतरवून चुलीत जायचे. अडीच फुटांची वळचण नऊ फूट भिंतीला सरळ पावसापासून वाचवते, तिरक्या पावसापासून नाही. घर बांधणाऱ्याला ते ठाऊक होतं. खुंट्या होत्या म्हणून झाप होते, झाप बंद झाले, आणि मग भिंत का भिजते याचा शोध सुरू झाला.

पर्याय

स्लॅब लगेच बाद. मातीत बांधलेल्या जांभ्याच्या भिंतींवर स्लॅबचं ओझं टाकायचं नाही, म्हणजे खांब-तुळयांचा नवा सांगाडा, म्हणजे नवं घर. ते बांधायचं तर बांधा, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका.

पत्र्याच्या शेडचा विचार मी एवढा सहज झटकला नाही. कौलांवर पाऊसच पडला नाही तर खिशात पाणी साचणार नाही, हे खरं आहे. गावात आता दर दुसऱ्या घरावर निळा किंवा लाल पत्रा दिसतो तो काही उगाच नाही. माणसं उरली नाहीत, दरवर्षी शाकारायला कोण चढणार? पण या घरात शेडनं अर्धाच प्रश्न सुटला असता. पत्र्यावरून पाणी आणखी उंचावरून त्याच ब्लॉकवर पडलं असतं आणि खालची ओल तशीच राहिली असती. खर्च वळचणीच्या दुरुस्तीच्या कितीतरी पट. शिवाय खाऱ्या हवेत पत्र्याच्या स्क्रूंपाशी गंज धरतोच, मग ती देखभाल वेगळी. धाकट्या भावांचा कल शेवटपर्यंत शेडकडे होता. थोरले एवढंच म्हणाले, "आधी बिघडवलेलं काढूया, मग बघू." मला यापेक्षा नेमकं मांडता आलं नसतं. झालेल्या कामाचा मोठा भाग काढून टाकण्याचाच होता.

काम

मे महिना निवडण्याला पर्याय नव्हता, पण मेमध्ये वळीव येतो. म्हणून पाखं सलग न उघडता आठ-दहा फुटांचे तुकडे पाडले. सकाळी उघडायचं, संध्याकाळच्या आत कौलं निदान तात्पुरती परत. विजेची तार वळचणीच्या एका खिळ्यावरून घरात आली होती. पुरवठा बंद करून तार बाजूला घेतल्याशिवाय परांची बांधली नाही. कौलांवर कोणी चढायचं नाही, हा नियम. खालच्या ओळी परांचीवरून हातानं निघतात. वरच्यांसाठी आतून, वाशांवर फळी टाकून.

साफसफाई आधी, दुरुस्ती नंतर. पतेरा म्हणजे वाळका पाला, घरटी, लेंडं, सगळं कोरडं असतानाच काढलं, तोंडाला मास्क लावून, कारण ती धूळ छातीत जायची गोष्ट नाही. गांधीलमाश्यांची दोन पोळी मेस्त्रींनी आदल्या संध्याकाळी धूर करून रिकामी केली. कौलं एकेक करून काथ्याच्या ब्रशनं घासली, खाचा लोखंडी पट्टीच्या तुकड्यानं मोकळ्या केल्या. धाकट्या भावांनी पुण्याहून प्रेशर वॉशर आणला होता. तो गाडी धुवायला ठेवला. त्या माऱ्यानं जुन्या कौलाची वरची भाजलेली साय निघते आणि मग ते कौल पाणी प्यायला लागतं. ॲसिड तर नाहीच. वाजवून बद्द आवाज देणारी, केसासारखी चीर गेलेली कौलं वेगळी काढली. वादळानंतर घाईत आणलेली कौलं वेगळ्या साच्याची निघाली, जुन्यांच्या खाचेत ती नीट बसत नव्हती. ती सगळी एकत्र करून गोठ्यावर पाठवली आणि गोठ्यावरची जुनी इकडे आणली. या अदलाबदलीला दमडी लागली नाही. माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत जास्त गळती तिनंच थांबवली.

प्लास्टिक पूर्ण काढलं. फळी काढली. पन्हळ काढली.

वाशांचं काम सुतारकीचं. अख्खा वासा बदलायचा तर आढ्यापर्यंत छप्पर उघडावं लागतं, आणि ज्याचं आतलं दहा-बारा फूट लाकूड शाबूत आहे ते फेकायचं कशाला? कुजलेलं टोक शाबूत लाकूड लागेपर्यंत कापलं आणि शेजारी त्याच मापाचा जोडवासा लावला. जोडवासा बाहेर जितका निघतो त्याच्या निदान दुप्पट आत गेला पाहिजे, नाहीतर वळचणीच्या वजनानं तो तुळईवर तराजूसारखा उलटतो. बाहेर अडीच फूट, म्हणून आत पाच. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. समुद्राजवळ साधा खिळा ऐनात दोन-चार पावसाळ्यांत गंजून भोवतालचं लाकूड काळं करतो. ज्यांची फक्त शेंडी गेली होती ते चार वासे तेवढे छाटून सरळ केले. वळचण तिथे तीन बोटं आखूड झाली, पण कौलांची ओळ रिपेनं सांभाळली.

लाकूड शेजारच्या वाडीत मोडलेल्या घराचं, जुनं ऐन. नवं तोडायचं तर परवानगीचे सोपस्कार आणि ओल्या लाकडाचं पिळणं, दोन्ही टळलं. जुन्या लाकडातला प्रत्येक खिळा उपटून, भुंग्याची भोकं तपासून मगच ते घेतलं. कापलेली तोंडं बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या गरम द्रावणात बुडवून ठेवली, बाकीच्या अंगाला ब्रशनं दोन हात. हे औषध वाळवी-बुरशीला चांगलं, पण पाण्यात विरघळून निघून जातं, म्हणून वरून काजूच्या टरफलांचं तेल. इथल्या सुतारांना ते आजोबांपासून माहीत आहे. हातमोजे मात्र हवेत, कातडीला लागलं तर फोड येतात.

शेवटची रीप जाड घातली, दीड पट. खालच्या दोन ओळींतलं प्रत्येक कौल तारेनं रिपेला बांधलं. कौलाच्या पोटाला तार ओवायला भोक असतं ते यासाठीच, पण ते वापरलेलं मी फार थोड्या घरांत पाहिलंय. वाशांच्या मधल्या फटींना फळीऐवजी अर्ध्या इंचाची जाळी लावली. पाखरं, उंदीर बाहेर, वारा आत. चिमण्यांसाठी वहिनींनी गोठ्याच्या भिंतीला मडकी टांगली, तो माझा विषय नव्हता.

पन्हळ परत बसवायची की नाही यावर एक संध्याकाळ गेली. माझं मत न बसवण्याचं होतं. वळचण अडीच फूट बाहेर आहे, डोक्यावर आंबा आहे, आणि पावसाळ्यात शिडीवर चढून पन्हळ साफ करणारं सत्तरीच्या थोरल्या भावांशिवाय कोणी नाही. पागोळ्या मोकळ्या पडू द्याव्यात, खाली त्यांना जागा करून द्यावी. ज्यांना पन्हळ हवीच आहे त्यांनी दोन्ही टोकांना ११० मिलिमीटरचे पाइप, दर दहा फुटांना अर्धा इंच उतार आणि पुढची कड मागच्यापेक्षा खाली, एवढं तरी पाळावं. इथे फक्त मागच्या दारावर सहा फुटांचा तुकडा ठेवला, दारात उभ्या माणसाच्या डोक्यावर धार येऊ नये म्हणून.

खाली पागोळ्यांच्या रेषेवर पेव्हर काढून दीड फूट रुंद चर खणला, तळाला उतार दिला, वर मोठी खडी भरली. खडीवर थेंब फुटतो आणि आत जातो. भिंतीलगतची पट्टी चार इंच खाली घेऊन बाहेरच्या उतारानं पुन्हा बसवली. चराचं तोंड पोफळीच्या बागेकडे काढलं. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, म्हणजे एवढ्याशा पाख्यावरून सव्वा लाख लिटरच्या वर पाणी. इतकी वर्षं ते जोत्यात मुरत होतं.

पावसात

पहिल्या मोठ्या सरीत घरात पाच-सहा ठिकाणी गळालं. प्लास्टिक काढल्यावर हे होणार असं आधीच बोललो होतो, तरी ऐकणं आणि माजघरात पातेली मांडणं यांत फरक असतो. ठाण्याहून फोन आला. पण गळणाऱ्या कौलाचा एक गुण आहे, ते स्वतःला दाखवतं. मेस्त्रींनी आतूनच खूण करून, उघडीप मिळताच चीर गेलेली कौलं बदलली. आषाढाच्या झडीत पुन्हा एकाच जागी ठिबकलं.

वाशांची टोकं भिजतात आणि सुकतात. ऑगस्टमध्ये पाऊस दोन दिवस थांबला तेव्हा दाभण घेऊन पाहिलं, जोडवाशांची तोंडं कोरडी होती. माथ्याकडचा डाग फिका पडत गेला. जोत्याकडचा मात्र हट्टी आहे. दीड फूट जाडीची भिजलेली जांभ्याची भिंत एका हंगामात सुकत नाही. म्हणून आतला सिमेंटचा गिलावा दिवाळीनंतर खरवडून काढला आणि भिंत उन्हाळाभर उघडी ठेवायची ठरली. चुन्याचा गिलावा त्यानंतर. रंगाची घाई धाकट्यांना होती, लग्नकार्य आहे म्हणून. चुन्याची सफेदी मारून वेळ भागवली.

झाप विणणारं वाडीत एकच म्हातारं माणूस उरलंय. त्यानं अर्ध्या लांबीचे दिले, उरलेल्या खुंट्यांना शेडनेट बांधली. दोन्हींच्या मागची भिंत गणपतीत हात लावून पाहिली तर झापामागची जास्त कोरडी होती. शेडनेट पावसाचा वेग मोडते, पाणी अडवत नाही. पुढच्या मृगाआधी पूर्ण लांबीचे झाप सांगून ठेवलेत, निम्मे पैसे आगाऊ देऊन.

देखभालीची वाटणी अशी झाली. वळचण आणि चर वर्षातून दोनदा साफ करायचा, एकदा मेमध्ये, एकदा आंब्याचा पतेरा पडून झाल्यावर. मजुरी मधले भाऊ देणार, कौलांचा खर्च धाकटे. पन्नासेक जुनी कौलं गोठ्यात रचून ठेवली आहेत, कारण वानरांची टोळी फणसावर आली की दोन-चार फुटणारच, आणि वानरांवर माझ्याकडे उपाय नाही. उत्तरेच्या टोकाला, जिथे नंतर जोडलेल्या न्हाणीघराचं छप्पर मुख्य पाख्याला मिळतं, तिथल्या खाचेतला पत्रा चाळणी झालाय. तो या खेपेला उघडला नाही. तिथली गळती न्हाणीघरातच पडते, म्हणून कोणाला घाई नाही, पण त्या कोपऱ्यातली तुळई वर सांगितलेल्या दोन कुजक्या जागांपैकी एक आहे. मेमध्ये काम तिथूनच सुरू करायचं ठरलंय.